यादी दिसते, पण चित्रपट सुरू होत नाही: स्ट्रीमिंगच्या एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

एका घरातील स्मार्ट टीव्हीवर एका व्हिडिओ स्ट्रीमिंग सेवेचे ॲप नेहमीसारखे उघडत होते, खात्यात प्रवेश होत होता, चित्रपटांची यादी आणि त्यांची छोटी चित्रे झरझर दिसत होती, शोधही चालत होता. मात्र एखादा चित्रपट निवडून तो सुरू करायला सांगितले की काळ्या पडद्यावर गोल फिरू लागे आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने ‘हा व्हिडिओ सध्या दाखवता येत नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाची सूचना एका सांकेतिक क्रमांकासह येई. त्याच टीव्हीवर दुसऱ्या एका सेवेचे ॲप बिनतक्रार चालत होते. शिवाय, जी सेवा टीव्हीवर अडत होती तीच त्याच वाय-फायवर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लावली तर चित्रपट दोन सेकंदांत सुरू होत असे, आणि फोनवरही तसेच.

माझ्याकडे हे प्रकरण आले तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. घरच्यांनी टीव्ही आणि राउटर दोन्ही अनेकदा बंद-चालू केले होते, ॲपचा कॅशे साफ केला होता, ॲप काढून पुन्हा टाकले होते आणि पासवर्डही बदलून पाहिला होता. सेवेच्या मदत-केंद्राने ‘तुमच्या इंटरनेटमध्ये दोष आहे’ असे सांगितले होते, तर इंटरनेट पुरवठादाराने वेग मोजून ‘जोडणी उत्तम आहे’ असा निर्वाळा दिला होता. वेगचाचणी सेकंदाला ९० मेगाबिटांच्या वर आकडा दाखवत होती. फुल एचडी चित्रासाठी साधारण ५ मेगाबिट आणि ४-के चित्रासाठी १५ ते २५ मेगाबिट पुरतात, हे लक्षात घेता वेगाचा मुद्दा तिथेच निकालात निघायला हवा होता. तरीही पुढचे दोन दिवस घरातील प्रत्येक जण पुन्हा पुन्हा वेगच मोजत राहिला. न चालणाऱ्या इंटरनेटला मोजण्याचे एकच माप लोकांच्या हाती असते, आणि ते माप इथे निरुपयोगी होते.

‘प्ले’ दाबल्यावर पडद्यामागे काय घडते ते आधी सांगायला हवे, कारण निदानाची दिशा त्यावरच ठरली. ॲप उघडताना दिसणारी यादी, खाते, शिफारशी हे सर्व सेवेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून येते. चित्रपट निवडला की ॲप आधी त्याची अनुक्रमणिका मागवते; तीत चित्रपटाचे काही सेकंदांचे असंख्य तुकडे कोणकोणत्या दर्जात आणि कोणत्या पत्त्यावर ठेवले आहेत याची नोंद असते. त्यानंतर प्रतिलिपी-संरक्षण उलगडण्याचा परवाना मागवला जातो, आणि मग ते तुकडे एकामागून एक उतरवले जातात. हे तुकडे बहुतेक वेळा सेवेच्या मुख्य सर्व्हरवर नसतातच. ते सीडीएन नावाच्या वितरण-जाळ्याच्या सर्व्हरवर, प्रेक्षकाच्या शक्य तितक्या जवळ ठेवलेले असतात. म्हणजे यादी एका ठिकाणाहून येते आणि चित्रपट दुसऱ्याच ठिकाणाहून. यादी दिसते म्हणून ‘इंटरनेट तर चालू आहे’ असे म्हणणे अर्धेच खरे ठरते. पहिल्या ठिकाणापर्यंतची वाट मोकळी आहे, एवढेच त्यावरून कळते.

काही शक्यता मी पहिल्या तासाभरातच बाजूला केल्या आणि त्यांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. टीव्हीचे घड्याळ बरोबर होते. ते चुकलेले असते तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे मुदतबाह्य ठरून बहुधा यादीही उघडली नसती. खात्यावर एकाच वेळी चालणाऱ्या पडद्यांची मर्यादा ओलांडली गेली नव्हती. केबलमधील प्रतिलिपी-संरक्षणाचा घोळ असता तर पडदा काळा राहूनही आवाज येण्याची शक्यता होती. इथे टीव्ही आणि ॲप एकाच पेटीत होते, मधे केबलच नव्हती. टीव्ही वाय-फायऐवजी तारेने राउटरला जोडून पाहिला, तरी फरक पडला नाही. डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलून पाहिला, त्यानेही काही झाले नाही.

इथवर ठीक होते. यानंतर मात्र मी एक चूक केली, जिची किंमत घरच्यांना मोजावी लागली. लॅपटॉप आणि फोन चालतात, टीव्ही चालत नाही, म्हणजे दोष टीव्हीत, असा सरळ हिशेब करून मी टीव्ही फॅक्टरी रिसेट केला. सर्व ॲपमधील लॉगिन पुसले गेले, चित्राची जुळवून ठेवलेली मांडणी गेली, आणि तासभर केवळ पासवर्ड शोधण्यात गेला. रिसेटनंतर त्या सेवेचे ॲप उघडून एका चित्रपटाची झलक लावली तर ती सुरू झाली! सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर तोच चित्रपट लावला, आणि पुन्हा गोल फिरू लागले. झलक का चालली असावी, याचा मी त्या वेळी विचार केला असता तर पुढचा अर्धा दिवस वाचला असता. मी तो योगायोग समजून सोडून दिला.

रिसेटने काही साधले नाही तेव्हा, जे सर्वांत आधी करायला हवे होते ते केले: फोनचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्यावर जोडला. चित्रपट लगेच सुरू झाला. आता कोडे नीट मांडले गेले. दुसऱ्या जाळ्यावर टीव्ही चालतो, म्हणून टीव्ही निर्दोष. घरच्या जाळ्यावर लॅपटॉप चालतो, म्हणून जाळे निर्दोष. आणि दोन निर्दोषांची गाठ पडली की बिघाड होतो. असे दिसते तेव्हा प्रश्न बदलायला हवा. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच जाळ्याचा वापर एकाच पद्धतीने करतात, हे माझे गृहीतकच तपासण्याजोगे होते.

त्याआधी काळाचा क्रम पुन्हा विचारून घेतला. बिघाड सुरू होण्यापूर्वी घरात काय बदलले, या प्रश्नाचे पहिले उत्तर नेहमीप्रमाणे ‘काहीच नाही’ असे आले. खोदून विचारल्यावर राउटर बदलल्याचे कळले. पण तो नऊ दिवस आधी बदलला होता आणि त्यानंतर पाच दिवस टीव्ही व्यवस्थित चालला होता, म्हणून कोणी त्याचा संबंध जोडला नव्हता. मग आणखी एक तपशील बाहेर आला. नव्या राउटरचा सिग्नल टीव्हीच्या खोलीपर्यंत नीट पोहोचेल की नाही या शंकेने जुना राउटर पहिले पाच दिवस त्या खोलीत तारेने जोडून ठेवला होता, आणि टीव्ही त्या जुन्या राउटरच्या वाय-फायवर होता. सिग्नल पोहोचतो असे दिसल्यावर जुना राउटर काढून टाकला गेला. टीव्ही नव्या राउटरशी थेट जोडला गेला तो त्याच दिवशी, आणि बिघाडही त्याच संध्याकाळी सुरू झाला. म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने राउटर चार दिवसांपूर्वीच बदलला होता.

दोन्ही राउटरांच्या मांडणीत एक ठळक फरक आढळला. जुन्या राउटरमध्ये आयपीव्ही-६ बंद होते. नव्यात ते मुळातच चालू होते. इंटरनेटवरील पत्त्यांच्या दोन पद्धती सध्या शेजारी शेजारी नांदतात. आयपीव्ही-४ ही जुनी आणि आयपीव्ही-६ ही नवी. दोन्ही उपलब्ध असतील तर उपकरण सहसा नव्या पद्धतीला झुकते माप देते. जुन्या राउटरमागे टीव्हीकडे फक्त आयपीव्ही-४ होते. फोनच्या हॉटस्पॉटनेही, तपासल्यावर दिसले, टीव्हीला फक्त आयपीव्ही-४ पत्ता दिला होता. नव्या राउटरवर त्याला दोन्ही पत्ते मिळत होते. मी नव्या राउटरमधील आयपीव्ही-६ तात्पुरते बंद केले, टीव्ही पुन्हा जोडला, आणि चित्रपट सुरू झाला.

बरेच जण या टप्प्यावर थांबतात, आणि ज्याला संध्याकाळी चित्रपट पाहायचा आहे त्याला मी दोष देणार नाही. परंतु लॅपटॉपलाही आयपीव्ही-६ मिळतच होते आणि तो तर चालत होता. ज्या स्पष्टीकरणात चालणाऱ्या गोष्टी बसत नाहीत ते अपुरे असते, म्हणून आयपीव्ही-६ पुन्हा सुरू करून पुढे तपास केला.

सेवेच्या दोन्ही प्रकारच्या सर्व्हरांची नावे राउटरच्या नोंदींतून मिळाली. यादी देणाऱ्या सर्व्हरच्या नावाला फक्त आयपीव्ही-४ पत्ता होता. चित्रपटाचे तुकडे देणाऱ्या सीडीएनच्या नावाला दोन्ही पद्धतींचे पत्ते होते. आणि झलक? ती तिसऱ्याच नावावरून येत होती, ज्याला केवळ आयपीव्ही-४ पत्ता होता. रिसेटनंतरच्या त्या ‘योगायोगा’चा उलगडा असा झाला. राउटरच्या त्याच नोंदींत दुसरी महत्त्वाची गोष्ट होती: लॅपटॉप आणि फोन सीडीएनशी यूडीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलत होते, तर टीव्ही टीसीपीच्या ४४३ वरून. यूडीपी आणि टीसीपी या इंटरनेटवर माहिती वाहून नेण्याच्या दोन पद्धती, आणि पोर्ट म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दार. यूडीपी ४४३ म्हणजे क्विक हा नवा वाहतूक-नियम, जो आरएफसी ९००० या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने २०२१ मध्ये प्रमाणित झाला आणि ज्याच्यावर एचटीटीपी-३ ही वेब-संवादाची पद्धत उभी आहे. अलीकडचे ब्राउझर संधी मिळेल तिथे तोच वापरतात. या टीव्हीचे ॲप मात्र जुन्या टीसीपीवरच होते.

लॅपटॉपच्या ब्राउझरमधील क्विकची सोय मी बंद केली आणि तोच चित्रपट लावला. गोल फिरू लागले, आणि अर्ध्या मिनिटाने तीच सूचना आली. या साऱ्या तपासातील सर्वांत समाधानाचा क्षण कोणता असे विचाराल तर मी हाच सांगेन: चालणारे यंत्र हुकमी बिघडवता आले, म्हणजे दोषाचे टोक हाती लागले. टीव्हीच्या पोटात शिरून पाहता येत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत ते सहज जमते.

लॅपटॉपवर वायरशार्क हे जाळ्यावरील वाहतूक टिपणारे साधन चालवून पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या गाठोड्यांची, नोंद घेतली. जोडणीचा आरंभ निर्वेध होत होता. लॅपटॉपची हाक, सर्व्हरचा होकार आणि लॅपटॉपची पोच ही तिन्ही छोटी पॅकेट बिनचूक पोहोचत होती. त्यानंतर लॅपटॉपने टीएलएसची, म्हणजे सुरक्षित संभाषणाची, सुरुवात केली. सर्व्हरकडून त्याचे प्रमाणपत्र यायला हवे होते. हा मजकूर साधारण साडेतीन हजार बाइटांचा, म्हणजे दोन पूर्ण भरलेली पॅकेट आणि तिसरे अर्धेमुर्धे. नोंदीत दिसले ते असे की, तिसरे छोटे पॅकेट आले, पहिली दोन आलीच नाहीत. लॅपटॉप ‘मधला भाग मिळालेला नाही’ असे कळवत होता, सर्व्हर तीच दोन मोठी पॅकेट वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवत असावा, आणि ती प्रत्येक वेळी वाटेत नाहीशी होत होती. छोटे ते पोहोचते, मोठे ते हरवते. दोष वेगाचा नव्हता, आकाराचा होता.

घरात येणारी जोडणी पीपीपीओई पद्धतीची होती, म्हणजे राउटर वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देऊन पुरवठादाराकडे प्रवेश करतो ती पद्धत. इथरनेटच्या एका चौकटीत १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातील ८ बाइट स्वतःच्या शीर्षकासाठी घेते आणि प्रत्यक्ष मजकुराच्या पॅकेटसाठी १४९२ उरतात. ही मर्यादा म्हणजे त्या दुव्याचा एमटीयू. लॅपटॉप आणि टीव्ही यांना त्या ८ बाइटांचा पत्ता नसतो. त्यांच्यापुरते जाळे १५०० चे असते. त्यामुळे जोडणीच्या आरंभीच ते सर्व्हरला ‘मला एका वेळी १४४० बाइट मजकूर पाठवलास तरी चालेल’ असे सांगतात, हा एमएसएस. त्यात आयपीव्ही-६ चे ४० बाइटांचे आणि टीसीपीचे २० बाइटांचे शीर्षक मिळवले की पुरते १५०० भरतात. पुरवठादाराच्या टोकाशी असे पॅकेट आले की ते १४९२ च्या दुव्यात मावत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. जुन्या आयपीव्ही-४ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करू शकतो. आयपीव्ही-६ मध्ये वाटेतल्या कोणालाही तो अधिकार नाही. त्याने पॅकेट टाकून द्यावे आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट फार मोठे आहे, माझी मर्यादा अमुक’ असा आयसीएमपीव्ही-६ चा, म्हणजे जाळ्यातील अडचणी कळवण्याच्या पद्धतीचा, निरोप धाडावा, असा नियम आहे. निरोप पोहोचला तर सर्व्हर पुढची पॅकेट लहान करतो आणि प्रेक्षकाला काही जाणवतही नाही. तो निरोप वाटेत गहाळ झाला तर मात्र सर्व्हर अंधारात राहतो, मोठीच पॅकेट पाठवत राहतो आणि ती विवरात पडल्यासारखी नाहीशी होतात. आरएफसी ४८९० या २००७ च्या मार्गदर्शनात हा निरोप कोणत्याही फायरवॉलने अडवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही आयसीएमपी म्हणजे काहीतरी संशयास्पद, या समजुतीने तो सरसकट अडवणारे अजून आढळतात.

आता सगळ्या गोष्टी आपापल्या जागी बसल्या. क्विकची सुरुवातीची पॅकेट नियमानेच किमान १२०० बाइटांची असतात आणि व्यवहारात ती पुढेही बऱ्यापैकी सावधपणे, १५०० च्या बरीच खाली ठेवली जातात. म्हणून लॅपटॉप आणि फोन १४९२ च्या दारातून अलगद आत येत होते. टीव्हीवरील दुसरी सेवा चालण्याचे कारण तिच्याही पॅकेटांच्या नोंदीत सापडले: तिच्या वितरण-जाळ्याचे सर्व्हर आयपीव्ही-६ वर मुळातच लहान पॅकेट पाठवत होते. आणि आयपीव्ही-४ वर काही अडत नव्हते, कारण नवा राउटर तिथे एक जुनी युक्ती करत होता: जोडणीच्या आरंभीच्या पॅकेटमधील एमएसएसचा आकडा तो परस्पर १४६० वरून १४५२ करत होता, म्हणजे सर्व्हर पहिल्यापासूनच मावतील एवढीच पॅकेट पाठवी. हीच युक्ती त्याने आयपीव्ही-६ साठी केलेली नव्हती. नोंदीत १४४० चा आकडा जसाच्या तसा बाहेर जाताना दिसत होता.

एक प्रश्न जाणकार वाचक विचारतील: आयपीव्ही-६ अडले तर उपकरणाने स्वतःहून आयपीव्ही-४ कडे वळायला नको का? तशी सोय आहे, तिला हॅपी आयबॉल्स म्हणतात, आणि तिची सुधारित आवृत्ती २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये आहे. दोन्ही पद्धतींनी जोडणीचा प्रयत्न थोड्या अंतराने, शिफारशीनुसार पाव सेकंदाने, सुरू करायचा आणि जी आधी जुळेल ती ठेवायची. पण या शर्यतीत तपासली जाते ती केवळ जोडणी जुळणे, आणि जोडणी जुळवणारी पॅकेट छोटी असतात. आयपीव्ही-६ शर्यत जिंकत होते, दुसरा प्रयत्न सोडून दिला जात होता, आणि अडथळा त्यानंतर येत होता. आयपीव्ही-६ पूर्ण बंद असते तर बिघाड झाला नसता. ते अर्धवट चालत होते, म्हणून झाला.

दोष कोणाचा, हे ठरवण्यासाठी पिंगचा, म्हणजे सर्व्हरला हाक देऊन उत्तर येते का ते पाहण्याच्या चाचणीचा, आधार घेतला. आयपीव्ही-६ मध्ये पिंगच्या मजकुरावर ४८ बाइटांची शीर्षके चढतात, त्यामुळे १४४४ बाइटांचा मजकूर पाठवला की पॅकेट बरोबर १४९२ चे होते. सीडीएनच्या पत्त्यावर १४४४ पर्यंत उत्तर येत होते. १४४५ केले की शुकशुकाट. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण त्यापुढचे पॅकेट लॅपटॉपलाच दोन तुकड्यांत पाठवावे लागते आणि आयपीव्ही-६ चे तुकडे अडवणारी जाळी पुष्कळ आहेत. म्हणून तोच पिंग एका अगदी वेगळ्या, साध्या सर्व्हरला केला. तिथे पहिली एक-दोन उत्तरे हरवली आणि नंतरची नियमित येऊ लागली. याचा अर्थ असा की, पुरवठादाराच्या जाळ्यातून तुकडे पार होत होते, आणि ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा निरोपही तिथून निघून त्या साध्या सर्व्हरपर्यंत पोहोचत होता. सीडीएनच्या बाबतीत तो पोहोचत नव्हता. वितरण-जाळ्यांत एकाच पत्त्यामागे अनेक सर्व्हर असतात आणि येणारी वाहतूक त्यांच्यात वाटली जाते. अशा वाटपात हा निरोप ज्याने पॅकेट पाठवले त्याच्याऐवजी भलत्याच सर्व्हरच्या हाती पडू शकतो. ही अडचण इतकी परिचित आहे की २०१६ चा आरएफसी ७६९० केवळ तिच्यासाठी लिहिला गेला आहे. निरोप भलत्याकडे गेला की कुठल्या फायरवॉलने गिळला, हे घराच्या बाजूने ठरवता येत नाही. दिशा मात्र निश्चित झाली.

घरच्यांचा राग ज्या पुरवठादारावर होता तो या प्रकरणात निर्दोष ठरला, हे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण मीही पहिल्या दिवशी त्यांच्या सुरात सूर मिसळला होता. सेवेच्या मदत-केंद्राचे ‘दोष तुमच्या बाजूला आहे’ हे उत्तरही अगदीच खोटे नव्हते, कारण राउटरने एमएसएस कमी केला असता तर वितरण-जाळ्यातील उणीव झाकली गेली असती. तसेच वितरण-जाळ्याने निरोप ऐकला असता तर राउटरची उणीव झाकली गेली असती. दोन्ही उणिवा एकाच वाटेवर आल्या तेव्हाच अर्ध्या मिनिटाचे गोल फिरले.

दुरुस्तीचे तीन मार्ग समोर होते. आयपीव्ही-६ बंद ठेवणे हा पहिला. तो तात्काळ लागू पडतो, पण बऱ्याच पुरवठादारांकडे आयपीव्ही-४ चा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि सगळी वाहतूक त्या गर्दीत ढकलून मूळ दोष नजरेआड करणे मला पटले नाही. दुसरा मार्ग म्हणजे आयपीव्ही-६ साठीही एमएसएस कमी करणे. नेमका उपाय तोच होता, मात्र या राउटरच्या मांडणीत तशी सोयच दिली नव्हती. तिसरा मार्ग निघाला तो घरातील उपकरणांना खरी मर्यादा सांगण्याचा. राउटर आयपीव्ही-६ च्या जाळ्यात वेळोवेळी जी घोषणा प्रसारित करतो तिच्यात एमटीयूचा आकडा देण्याची तरतूद आहे. राउटरच्या मांडणीत आयपीव्ही-६ च्या घरगुती जाळ्याखाली ‘एमटीयू’ नावाचा रकाना रिकामा होता. रिकामा म्हणजे १५००. तिथे १४९२ लिहिले, जतन केले आणि टीव्ही बंद करून सुरू केला.

पडताळणी करताना घाई केली नाही. आधी लॅपटॉपवर क्विक बंद ठेवूनच चित्रपट लावला. तो चालला, आणि नोंदीत लॅपटॉप आता १४४० ऐवजी १४३२ चा एमएसएस सांगताना दिसला. सर्व्हरची पॅकेट त्याबरोबर १४९२ वर आली होती आणि एकही हरवत नव्हते. मग टीव्हीवर तोच चित्रपट लावला, अधूनमधून पुढे-मागे ढकलला, ४-के दर्जात नेला आणि तासभर चालू ठेवला. राउटरच्या यादीत टीव्हीची जोडणी आयपीव्ही-६ वर आणि टीसीपीवरच होती, म्हणजे दोषाच्या मूळ वाटेवरूनच चित्रपट येत होता, एखाद्या आडवाटेने नव्हे. शेवटी ब्राउझरमधील क्विक पुन्हा सुरू केले.

या उपायाची एक मर्यादा घरच्यांना सांगून ठेवली. घोषणेतील आकडा पाळणे हे प्रत्येक उपकरणाच्या हातात असते. पुढे एखादे उपकरण तो पाळत नसेल तर त्याच्यापुरता हाच बिघाड पुन्हा उद्भवेल, आणि राउटर फॅक्टरी रिसेट केला तर तो रकाना पुन्हा रिकामा होईल. म्हणून बदललेली मांडणी राउटरमधून फाइलच्या रूपाने जतन करून लॅपटॉपवर ठेवली, आणि राउटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवली: आयपीव्ही-६, घरगुती जाळे, एमटीयू १४९२. राउटरच्या उत्पादकाला पॅकेटांची नोंद जोडून, आयपीव्ही-६ साठी एमएसएस कमी करण्याची सोय हवी असे कळवले. सेवेच्या मदत-केंद्रालाही तीच नोंद आणि दोन्ही पिंगचे निकाल पाठवले. त्यांचे उत्तर आले, त्यात ॲपचा कॅशे साफ करून पाहण्याची विनंती होती. पुरवठादाराकडे केलेली तक्रार घरच्यांनी मागे घेतली.